जाणाऱ्याचा शब्द, राहणाऱ्याचा शब्द

३ ऑगस्ट, शनिवार

पोरगी आली. एक भली मोठी सुटकेस, पाठीवर पिशवी, कानात पांढरी बोंडं. आणि हातात फिनियसची चिठ्ठी.

जूनमध्ये या माझ्या भावाला फोनवर शब्द सुटा सुटा करून सांगितलं होतं – तू ये. दोन महिने आईजवळ गावी राहा. माझ्या नेत्साईचं पहिलं बाळंतपण आहे, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिकडे दक्षिण आफ्रिकेत पोलोक्वानेला ती एकटी, जावई ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस घरी नाही. मला तिच्याजवळ असायला हवं. आणि आईला सांभाळणारी तावोनाची आई १४ सप्टेंबरला कायमची चिरेझीला मुलाकडे चाललीय. आई मे महिन्यात स्वयंपाकघरात पडली तेव्हापासून तिला एकटं ठेवता येत नाही. म्हणून तू ये.

त्यानं लेक पाठवली. चिठ्ठीत काय, तर – ‘ताई, येउकाईला आपली शोना भाषा शिकायचीय. तुझ्याकडे वेळ असतोच.’

वेळ असतोच! मी सकाळी पाचला बसस्टँडवर असते. दिवसाला चाळीस बसेस नोंदवते, ड्रायव्हरांशी भांडते, घरी येऊन मक्याच्या पिठाचा सादझा ढवळते. मी माणूस मागितलं, यानं विद्यार्थिनी धाडली. ती पण सहा आठवड्यांची – १५ सप्टेंबरला हरारेहून परतीचं विमान.

येउकाई म्हणजे ‘आठवण ठेवा’. तिकडे इंग्लंडात, लेस्टरला, तिला युकी म्हणतात. बावीस वर्षांची आहे. दिसायला हुबेहूब फिनियस, म्हणून अजूनच राग येतो.

४ ऑगस्ट, रविवार

पहिला धडा. म्हणे, प्रवासाचे शब्द आधी शिकते, म्हणजे फिरता येईल. फोनमध्ये यादी होती, आधीच पाठ करून आलेली. विमान. जहाज. होडी. आगगाडी. विमानतळावरचा जिना.

मग माझ्याकडे बघून अगदी स्पष्ट शोनात, “आत्या, जहाज कुठे थांबतं?”

मास्विंगोत जहाज! इथून माणसांची आगगाडी सुटलेली मला आठवत नाही. मी फोन उपडा ठेवला. म्हटलं, बाई, बस येते. माणूस चढतो. माणूस उतरतो. माणूस पोचतो. कुणी जातं, कुणी राहतं. एवढं नीट बोललीस की या देशात कुठेही जाशील, आणि कुणी तुला फसवणार नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. ‘कुणी फसवणार नाही’ हेही लिहून घेतलं.

५ ऑगस्ट, सोमवार

कोपऱ्यावर पाव आणायला निघाली आणि दारातून मला म्हणते, “फांबाई, आत्या.”

मी डोक्याला हात लावला. बोलावून घेतलं परत. म्हटलं, जो जातो तो म्हणतो साराई – राहा सुखानं. जो मागे राहतो तो म्हणतो फांबाई – जा सुखानं. तू चाललीस, मी घरात आहे. तर तू काय म्हणशील?

“साराई.”

“आणि मी?”

“फांबाई.”

“शाबास. जा आता.”

“फांबाई, आत्या,” म्हणाली आणि गेली.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज ड्यूटीवर जाताना मीच तिला मुद्दाम ‘साराई’ म्हटलं, कान उघडावेत म्हणून. ती म्हणाली, “साराई.” मग आम्ही दोघीही निघालो म्हणायचं, घरात कोण राहिलं देव जाणे.

७ ऑगस्ट, बुधवार

आज तिला एकटीला कोंबीतून, भाड्याच्या छोट्या व्हॅनमधून, पाठवलं. बाजार ते आमचा दवाखान्याचा थांबा, दहा मिनिटांचा रस्ता. दीड तासानं आली. घामाघूम, चपलेत खडे, पाणी पाणी करत.

झालं असं की दवाखान्याजवळ कंडक्टर नेहमीसारखा ओरडला – दवाखाना, कुणी राहणारं आहे का? हिला प्रत्येक शब्द कळला. म्हणून तर घोटाळा झाला. हिला वाटलं, पुढे कोण बसून राहणार ते विचारतोय. ही ऐटीत म्हणाली, “मी राहते.” त्यानं गाडी थांबवली, दार उघडलं, हिच्याकडे बघत राहिला. ही त्याच्याकडे बघून हसली. शेवटी मागच्या बाईनं शिव्या घातल्या तेव्हा त्यानं दार लावलं आणि हिला थेट शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं.

मी म्हटलं, “अगं, गाडी पुढे जाते, उतरणारा मागे राहतो. म्हणून उतरणारा तो राहणारा. यात न कळण्यासारखं काय आहे?”

ती म्हणाली, “पण आत्या, उतरणारा तर पोचलेला असतो. तो राहिला कसा?”

मी ताट वाढलं. जेव म्हटलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मी चहा गाळतेय, ही बाहेर चाललीय, आणि पुन्हा ‘फांबाई’. मी कुठं चाललेय? मी सत्तावन्न वर्षं कुठं गेलेय?

१२ ऑगस्ट, सोमवार (हुतात्मा दिनाची सुट्टी)

गावी जाऊन आलो. राग अजून उतरला नाही, तरी लिहितेच.

स्टँडवर सुट्टीची ही गर्दी. बसची वाट बघताना तिला मी शिकवलं की बस आली हे कसं म्हणायचं. आमच्यात प्रत्येक वस्तूची जात वेगळी, आणि तिची ‘आली’ वेगळी. बसची वेगळी, छकड्याची वेगळी, माणसाची वेगळी. आणि मोठ्या माणसाला तर आदरानं बोलायचं, तो एकटा असला तरी अनेक असल्यासारखं. बसचं तिला एकदम जमलं. प्रत्येक बसला ओरडून म्हणत होती. बायका हसत होत्या, हिचा उत्साह वाढत होता. मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

बस गावच्या दुकानापाशी पोचली. तिथून वीस मिनिटं पायवाट. अंगणाच्या कडेला मी जरा थांबले, चपलेतला काटा काढायला, तेवढ्यात ही सरळ आत. न विचारता! ‘पोचावं का आम्ही?’ म्हणून हाक द्यायची असते, आतून ‘पोचा’ म्हणतात, मग पाय टाकायचा. गुरंसुद्धा हाकलल्याशिवाय अंगणात येत नाहीत. ही चालत ओसरीपर्यंत. तेवढ्यात आई काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आणि पोरगी आनंदानं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, “आजी आलं!”

बसची ‘आली’ तिनं आजीला लावली. धूड आलं, ठोकळा आला, तसं. चोवीस वर्षांनी मुलाचं रक्त दारात उभं राहिलं आणि पहिला शब्द हा.

तावोनाची आई कमरेच्या कापडाचं टोक तोंडात कोंबून मागे वळली. आईनं काठी रोवली. पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “हिला ज्यानं शिकवलं त्याला आधी कुणीतरी शिकवा.” आणि काठी टेकत आत गेली. दार लावून घेतलं.

हिला ज्यानं शिकवलं ती मी.

१३ ऑगस्ट, मंगळवार

काल बसमध्ये परतताना पोरगी रडली. मला समजवायला हवं होतं, पण मी खिडकीबाहेर बघत होते. नेत्साईचा फोन आला होता. पाय सुजलेत म्हणते. “आई, तू येणार ना?” मी म्हटलं बघते. चार महिने तेच म्हणतेय.

१८ ऑगस्ट, रविवार

एकटीच गावी गेले. दुकानाजवळची एक विधवा बाई महिनाभर आईजवळ राहायला तयार होती. चांगली, कष्टाळू. आईनं तिला पाच मिनिटांत वाटेला लावलं. कारण काय, तर ती फार भराभर बोलते. पोरगी हळू बोलते ते चालत नाही, ही भराभर बोलते ते चालत नाही. शहरात माझ्याकडे ये म्हटलं तर ते त्याहून नाही. गेल्या वेळी नऊ दिवस राहिली आणि नऊही दिवस विचारत होती, बस किती वाजता.

मग तेच दळण – फिनियस. “तो अजून रस्त्यातच आहे.”

चोवीस वर्षांपूर्वी तो याच अंगणातून निघाला, याच बसनं. आई म्हणाली होती, “फांबाई, आणि पोचलास की कळव.” त्यानंतर त्याचे फोन आले. पैसे आले. लग्न झाल्याचं आलं, मुलगी झाल्याचं आलं, डॉक्टरनं साखर बंद केल्याचंही आलं. पण ‘पोचलो’ हा शब्द आला नाही. आईच्या लेखी निरोप आला नाही तोवर माणूस वाटेत. म्हणून ओसरीवरचं स्टूल रस्त्याकडे तोंड करून. रोज संध्याकाळी. मी कितीदा सांगितलं – अगं, पोचला, घर बांधलं, टक्कल पडलं त्याला! “तू नको सांगूस,” म्हणते. “तू तिथली नाहीस.”

मी दर पंधरा दिवसांनी येते. मी पोचते ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

पोरगी आता माझ्याबरोबर स्टँडवर येऊन बसते. म्हणे कानावर पडायला हवं. पडतंय! ड्रायव्हरांनी तिला तीन नवे शब्द शिकवले. तिन्ही मी वहीतून खोडायला लावले. चौथा मलाही माहीत नव्हता.

घरभर कागद चिकटवलेत. कपाटावर, किटलीवर. आरशावर लिहिलंय – ‘आजी = अनेक’. मी केस विंचरायला गेले आणि क्षणभर कळेचना.

एक गोष्ट मात्र आहे. चिडत नाही. मी शंभरदा ओरडते, ती शंभरदा “पुन्हा सांगा, आत्या” म्हणते. फिनियस एवढ्यात दार आपटून गेला असता.

२२ ऑगस्ट, गुरुवार

झोपायला जाताना – “फांबाई, आत्या.” खोली बदलायलासुद्धा!

२५ ऑगस्ट, रविवार

पुन्हा गाव. या वेळी मी आधीच बजावलं होतं, अंगणाच्या बाहेर उभी राहा आणि विचार.

राहिली उभी. सामानाची पिशवी खाली ठेवली, हात पुढे धरले आणि म्हणाली, “पोचावं का आम्ही?” उच्चार बरा होता. आई पाच पावलांवर ओसरीत शेंगा सोलत बसली होती. सोलतच राहिली.

मी म्हटलं, “आई, ऐकू येत नाही का?”

“धुडाच्या घरी कुणी विचारून येतं का?” शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले.

मी तिथंच पेटले. म्हटलं, तेरा दिवस झाले त्याला, नातीला उन्हात उभं करतेस? आई ढिम्म. पोरीला म्हटलं, चल आत, काही होत नाही. तर ही पण ढिम्म. “मला पोचा म्हटलं नाही, आत्या.” दोन्हीकडून एकच रक्त. मी स्वयंपाकघरात गेले, तावोनाच्या आईबरोबर चहा घेतला, पाव खाल्ला, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्या. बाहेर डोकावले तर चित्र तेच. एक सोलतेय, एक उभी आहे. मध्ये एक कोंबडी फिरतेय.

अर्ध्या तासानं पोरीनं पुन्हा विचारलं. मग थांबून, आठवून आठवून, आदराची सगळी शेपटं लावून म्हणाली, “आजी बसल्या आहेत. मी चुकले. पोचावं का?”

आईचे हात थांबले. “पोचा,” म्हणाली.

पोरगी आत येऊन गुडघ्यांवर बसली आणि आमच्या रीतीनं नमस्काराच्या टाळ्या वाजवू लागली. फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर वाजवतात तशा. आईनं तिची दोन्ही मनगटं पकडली, तळवे वाकवून पोकळ केले, एकमेकांवर बसवले. “अशा,” म्हणाली. “आवाज पोटातून यायला हवा.” दुपारभर तेच चाललं होतं. मला कुणी विचारलं नाही की बाई तू पोचलीस का.

निघताना पोरगी म्हणाली, ती राहते आठवडाभर. मी म्हटलं, पाणी बोअरवेलवरून आणावं लागतं, संडास अंगणापलीकडे आहे, फोनला रेंज नाही, त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं. म्हणाली, “माहीत आहे.” आणि मग अगदी बरोबर – मी जात होते, ती राहत होती – “साराई, आत्या.”

एकदा तरी योगायोगानं बरोबर यावं की नाही!

२९ ऑगस्ट, गुरुवार

घर शांत आहे. किटलीवरचा कागद निघत नाहीये. राहू दे.

४ सप्टेंबर, बुधवार

आठवड्याचे दहा दिवस झाले, पोरगी परत यायचं नाव नाही. तावोनाच्या आईचा टेकडीवरून फोन. धापा टाकत होती.

“दोघी भांडतायत.”

“कशावरून?”

“शब्दांवरून. सकाळपासून. म्हातारी म्हणते छकड्याला हे म्हणतात, पोरगी वही दाखवते. मग पोरगी जिंकली तर म्हातारी म्हणते, ते शहरातलं. मला डोकेदुखीची गोळी पाठवा.”

“आणि जेवण?”

“जेवताना पण. येताना गोळ्या दोन पाकिटं आणा. आणि मी चौदाला नक्की जाणार हं, मुलगा गाडी घेऊन दुकानापर्यंत येतोय.”

माहीत आहे बाई, सगळ्यांनी नक्की जायचंय. मी फक्त वेळ नोंदवते.

८ सप्टेंबर, रविवार

गोळ्या घेऊन गेले. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी आई ओसरीवर, स्टुलावर, तोंड रस्त्याकडे. पोरगी खाली चटईवर, पालेभाजी निवडत. मी खांबाला टेकून बसले होते, डोळा लागत होता. आईचं सुरू झालं, दर रविवारचं. तुझा बाप त्या वाटेनं गेला. हातात एक पेटी होती. वळून बघितलं नाही.

पोरीनं भाजी बाजूला ठेवली. हात पोकळ केले, दोनदा वाजवले, पोटातून आवाज येईल असे. आणि म्हणाली, “आजी. बाबा पोचले.”

पोचले. एकही चूक नाही. बसचं नाही, छकड्याचं नाही. आदराचं, अनेकांचं.

आईची नजर रस्त्यावरच. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी तोंड उघडणार होते, पण गप्प बसले. एकदा तरी गप्प बसले.

मग आई म्हणाली, “कधी?”

पोरीला आकडे येत नाहीत अजून. बोटं मोजली, सोडून दिली. “खूप झालं.”

“मग निरोप एवढ्या उशिरा?”

पोरगी शब्द शोधत होती. तिच्याजवळ आहेतच किती! शेवटी म्हणाली, “निरोप चालत आला, आजी.”

आई हसली. तिचे खालचे दोनच दात आहेत, दोन्ही दिसले. मे महिन्यानंतर ती हसलेली मी बघितली नव्हती. हसता हसता डोळ्यांना कापडाचं टोक लावलं. मग म्हणाली, “लंगडत आला असेल.” आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या.

मी उठून मागे गेले, बोअरवेलच्या बाजूला. मलाच रडू आलं होतं. चोवीस वर्षं मी हेच सांगत होते, जीव तोडून. राग आला म्हणून रडले, की बरं वाटलं म्हणून, कळलं नाही. दोन्ही असेल.

संध्याकाळी स्टूल चुलीकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

साहेबांनी चार आठवड्यांची रजा मंजूर केली. नेत्साईसाठी मागितली होती. आता ती रजा घेऊन मी आईजवळ बसणार. दुसरं कोण आहे?

नेत्साईला फोन केला. सांगितलं की जमत नाही. म्हटलं, शेजारणीला सांगून ठेव, पिशवी भरून दाराजवळ ठेव, पहिल्या कळेला निघ, थांबू नकोस. ती हो हो म्हणत होती. मग म्हणाली, “आई, तुझा आवाज का असा येतोय?” मी म्हटलं रेंज नाही. रेंज चांगली होती. माझ्या पोरीला माझी गरज आहे आणि मी तिला फोनवरून पिशवी भरायला सांगतेय.

फिनियसलाही केला. म्हणाला, “पोरगी खूश आहे बघ तिथं!” मी फोन ठेवून दिला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

रजेवर गावी आले. उद्या सकाळच्या बसनं पोरीला मास्विंगोपर्यंत पोचवायचं, तिथून हरारेच्या गाडीत बसवायचं, रविवारी मी परत इथं. एक रात्र म्हातारीला दुकानाजवळच्या त्या भराभर बोलणाऱ्या बाईच्या हवाली. आई या वेळी नाही म्हणाली नाही. नुसतं “बघू” म्हणाली. मला जरा नवल वाटलं.

पोरीची सुटकेस ओसरीत. सरकवायला गेले तर हलकी. म्हटलं कपडे वाटून टाकले असतील, आमच्याकडून जाताना सगळेच वाटतात.

आईनं पेटीतून एक कापड काढलं. बाळाला पाठीशी बांधायचं, निळं, तिच्या हातची कडा शिवलेलं. याच कापडात तिनं मला बांधलं होतं, मग फिनियसला.

“हे नेत्साईला.”

“कोण नेणार? पोस्टानं बाळ तीन वर्षांचं होईल तेव्हा पोचेल.”

“तुझ्या बॅगेत टाक.”

“माझी बॅग शहरात जाऊन परत इथंच येणार आहे, आई.”

“टाक म्हटलं ना.”

टाकलं. वाद घालायला अंगात जोर नव्हता. पोरगी चुलीपाशी बसून आईला आकडे म्हणून दाखवत होती, चुकीचे, आणि आई दुरुस्त करत होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

१४ सप्टेंबर, शनिवार. बसमध्ये

अक्षर हलतंय. शेपर्ड, या बसचा कंडक्टर, यानं टपावर एकच बॅग चढवली. माझी. मी दारातून ओरडले, पोरीची सुटकेस कुठाय? पोरगी खाली धुळीत उभी, पायात आईच्या जुन्या चपला. हात पोकळ करून दोनदा वाजवले आणि म्हणाली, “फांबाई, आत्या.”

माझं डोकंच फिरलं. शेवटच्या दिवशीसुद्धा! “साराई म्हण, साराई! किती वेळा सांगायचं, जाणारीनं –”

“बरोबर बोलली की ती, बाई,” शेपर्ड दार ओढत म्हणाला. “तीच राहणारी आहे.”

ती बसबरोबर थोडी पळत आली. विमान डिसेंबरचं केलंय, आजीला विचारून केलंय, असं काहीतरी ओरडली. त्यात दोन चुका होत्या.

माझा पासपोर्ट शहरातल्या घरी कपाटात आहे, वरच्या खणात, टॉवेलांखाली. टेकडीच्या वळणावर रेंज आली. नेत्साईला एकच शब्द पाठवला – निघाले.